सुझुकी कपलिंग एकदा चालते, एकदा फसते: उरलेला माल कुठे गेला ते आधी पाहा

आधी प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहात. एक लिगंड (धातूला धरून ठेवणारा रेणू) बनवायचा आहे आणि त्यातल्या सुझुकी कपलिंगला, म्हणजे पॅलेडियमच्या मदतीने ब्रोमाइड आणि बोरॉनिक आम्ल जोडण्याला, पेपरात ९२ टक्के यील्ड दिलं आहे. ब्रोमोपिरिडिन तुम्हीच आधीच्या पायरीत बनवलेलं, बोरॉनिक आम्ल विकतचं, कॅटॅलिस्ट टेट्राकिस पॅलेडियम, बेस सोडियम कार्बोनेट, सॉल्व्हंट डायऑक्सेन आणि पाणी, तापमान ९० अंश, स्केल ०.३ मिलिमोल. पहिल्यांदा ७१ टक्के आलं, मग २२, मग ४८, आणि शेवटच्या खेपेला टीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे दाखवणाऱ्या पट्टीवर) प्रॉडक्टचा स्पॉटच नाही. मधल्या काळात तुम्ही बेस बदलला, टोल्युईन घेऊन पाहिलं, कॅटॅलिस्ट दुप्पट केला, रिअ‍ॅक्शन रात्रभर ठेवली. पुढच्या पायरीतला ग्रिन्यार्ड (हॅलाइड आणि मॅग्नेशियमपासून बनणारं संयुग) कधी सुरू होतो, कधी होत नाही, आणि त्यापुढे ब्युटाइल लिथियम लागणार आहे. गाईड म्हणतात, हात अजून बसला नाही. तुमचा प्रश्न असा की हात बसेपर्यंत थांबावं, की विषयच बदलून मागावा.

विषय बदलण्याचं नंतर पाहू. तुमच्या मजकुरात मला जास्त खटकलं ते वेगळंच. प्रत्येक खेपेला तुम्ही काहीतरी बदललंत आणि नोंद मात्र एकाच गोष्टीची ठेवलीत: प्रॉडक्ट किती आलं. २२ टक्के यील्ड म्हणजे ७८ टक्के माल दुसरीकडे कुठेतरी आहे. ब्रोमाइड तसंच पडून असेल, बोरॉनिक आम्लातलं बोरॉन गळून गेलं असेल, प्रॉडक्ट वर्कअपच्या (रिअ‍ॅक्शननंतरच्या धुण्याच्या) पाण्यात उतरलं असेल किंवा शुद्धीकरणाच्या सिलिकाच्या कॉलमला चिकटलं असेल. प्रत्येकावरचा उपाय वेगळा, आणि काही उपाय तर एकमेकांच्या विरोधात जाणारे. कॉलमवर वाया जाणारा माल कॅटॅलिस्ट दुप्पट करून परत मिळत नाही. बोरॉन गळत असेल तर रात्रभर तापवून तुम्ही ते जास्तच गाळता.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तुमच्या रेणूची रचना तुम्ही दिलेली नाही, त्यामुळे खालचं काही तुम्हाला लागू पडेल, काही नाही. ग्लोव्हबॉक्स (हवेपासून तोडलेली हातमोज्यांची पेटी) आहे की नुसती नायट्रोजनची लाईन, एनएमआर (रेणू ओळखायचं आणि मोजायचं यंत्र) रोज मिळतो की आठवड्यातून एकदा, यावरही बरंच अवलंबून आहे. मी गृहीत धरते की लाईन आहे, ग्लोव्हबॉक्स नाही आणि एनएमआर मिळतो.

पहिलं काम: क्रूडचा, म्हणजे शुद्ध न केलेल्या मालाचा, हिशोब. रिअ‍ॅक्शन थांबवल्यावर, वर्कअपच्या आधी, फ्लास्कमध्ये १,३,५-ट्रायमिथॉक्सीबेंझीन मोजमापाचं स्टँडर्ड म्हणून वजन करून टाका. तुमच्या ०.३ मिलिमोलला ०.१ मिलिमोल, म्हणजे १६.८ मिलिग्रॅम. मग नेहमीसारखं एक्स्ट्रॅक्शन करा, सॉल्व्हंट उडवा आणि कॉलमला हात लावण्याआधी क्रूडचा प्रोटॉन एनएमआर घ्या. ६.०९ पीपीएमच्या आसपास या स्टँडर्डचे तीन अ‍ॅरोमॅटिक प्रोटॉन एकाच सरळ शिखरात दिसतात. ०.१ मिलिमोलचे तीन म्हणजे ०.३ मिलिमोल प्रोटॉन, म्हणजे बरोबर तुमच्या रिअ‍ॅक्शनचं स्केल. त्या शिखराचं इंटिग्रेशन १०० वर ठेवलं की प्रॉडक्टच्या कुठल्याही एका प्रोटॉनचं शिखर थेट टक्के वाचून दाखवतं, आणि उरलेल्या ब्रोमाइडचंही. दोन स्कॅनमधला वेळ २० ते ३० सेकंद ठेवा, नाहीतर सावकाश पूर्वस्थितीला येणारे प्रोटॉन कमी मोजले जातात आणि आकडे फसवे येतात. तुमच्या रेणूचीच शिखरं ६.०९ किंवा ३.७७ पाशी (तिथे या स्टँडर्डच्या मिथॉक्सी गटांचं शिखर असतं) येत असतील तर दुसरं स्टँडर्ड निवडा.

आता प्रॉडक्ट अधिक उरलेलं ब्रोमाइड अधिक बाकीचे ओळखू आलेले तुकडे, अशी बेरीज करा. ती ९० ते १०० च्या घरात आली तर तुम्हाला सगळं माहीत आहे. ६० आली तर काहीतरी उडून गेलंय, पाण्यात गेलंय किंवा गाळणीवर राहिलंय. हलके तुकडे, समजा अ‍ॅनिसोल, रोटावर (सॉल्व्हंट उडवायच्या यंत्रावर) सॉल्व्हंटबरोबरच निघून जातात. तशी शंका असेल तर वर्कअपच्या आधी एक थेंब जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफीला) द्या. आणि क्रूडमध्ये ७५ टक्के दिसून हातात ४८ आलं, तर रिअ‍ॅक्शनला दोष देऊच नका. पिरिडिन असलेले रेणू सिलिकावर ओढले जातात, शेपूट काढत खाली येतात. एल्युएंटमध्ये (कॉलममधून सोडायच्या सॉल्व्हंटमध्ये) एक टक्का ट्रायइथाइल अमाइन टाकल्यावर असे कितीतरी कॉलम सुधारलेले मी पाहिलेत. वर्कअपमध्ये सौम्य आम्लाने धुण्याची सवय असेल तर तीही तपासा, कारण बेसिक नायट्रोजन असलेलं प्रॉडक्ट क्षार बनून सरळ पाण्याच्या थरात जाईल आणि तुम्ही ते बेसिनमध्ये ओताल.

क्रूडमध्ये प्रॉडक्ट खरंच कमी असेल तर सोबत काय आहे ते वाचायला शिका. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच शिकवते, कारण सुझुकी कपलिंग आपलं दुखणं स्वतः सांगते, फक्त ते प्रॉडक्टच्या स्पॉटमध्ये दिसत नाही. यंत्रणा तुम्हाला माहीतच आहे. शून्य अवस्थेतलं पॅलेडियम कार्बन-ब्रोमीन बंधात शिरतं, मग बोरॉनवरचा गट पॅलेडियमवर येतो, मग दोन्ही गट जुळून बाहेर पडतात आणि पॅलेडियम परत शून्यावर. कुठल्या पायरीशी गाडी अडली ते उरलेल्या मालावरून कळतं.

ब्रोमाइड शिल्लक आहे आणि बोरॉनिक आम्लही शिल्लक आहे: कॅटॅलिस्ट मेलेला आहे, किंवा कधी जिवंत नव्हताच. फ्लास्कच्या काचेवर काळा थर बसला असेल तर पॅलेडियम धातू होऊन बाहेर पडलं. ब्रोमाइड शिल्लक आहे पण बोरॉनिक आम्ल संपलं, आणि बोरॉनच्या जागी हायड्रोजन आलेला तुकडा दिसतोय: बोरॉन गळण्याची क्रिया कपलिंगपेक्षा वेगाने चालली आहे. इथे कमी तापमान, सौम्य बेस, कमी पाणी, जास्त चपळ कॅटॅलिस्ट किंवा बोरॉनिक आम्लाऐवजी त्याचा एस्टर किंवा ट्रायफ्लुओरोबोरेट क्षार, असे उपाय आहेत. पिरिडिन तुम्ही ब्रोमाइडच्या बाजूला ठेवलंत हे चांगलंच झालं. २-पिरिडिल बोरॉनिक आम्लाची या बाबतीत इतकी वाईट ख्याती आहे की अनुभवी लोक त्याच्या वाटेला जात नाहीत.

तिसरा प्रकार, बोरॉनिक आम्लाचे दोन रेणू एकमेकांशीच जुळलेले. इथे एक बारकावा आहे. कॅटॅलिस्ट म्हणून द्विसंयुजी पॅलेडियम, समजा पॅलेडियम अ‍ॅसिटेट, वापरलं आणि त्याला बोरॉनिक आम्लानेच शून्यावर आणलं, तर दर पॅलेडियममागे बोरॉनिक आम्लाचे दोन रेणू खर्ची पडून जुळलेला एक रेणू बनतो. म्हणजे ५ मोल टक्के कॅटॅलिस्टला साधारण ५ टक्क्यांपर्यंत अशी जोडी दिसणं स्वाभाविक आहे. तुमचं टेट्राकिस मात्र आधीच शून्य अवस्थेतलं आहे, त्याला ही किंमत मोजायची नाही. तरीही जोडी ठळक दिसत असेल तर फ्लास्कमध्ये ऑक्सिजन आहे. ब्रोमीन जाऊन हायड्रोजन बसलेला चौथा प्रकारही असतो, पण डायऑक्सेन-पाण्यात तो सहसा त्रास देत नाही.

ऑक्सिजन येतो कुठून? बहुतेक वेळा पाण्यातून आणि फुग्यातून. डायऑक्सेन काळजीने डिगॅस करायचं (विरघळलेली हवा काढायची) आणि बेसचं द्रावण नळाखालून आणल्यासारखं तसंच ओतायचं, हे फार जण करतात. लांब सुई तळापर्यंत नेऊन मिश्रणातून अर्धा तास नायट्रोजनचे बुडबुडे सोडा आणि कॅटॅलिस्ट त्यानंतर टाका. आधी टाकला तर हवेत असतानाच त्याचं फॉस्फीन ऑक्साइड व्हायला लागतं. नायट्रोजनचा फुगा दोन तासांच्या रिअ‍ॅक्शनला ठीक आहे. रात्रभर लावलेल्या फुग्याचं रबर हवा आणि ओलावा दोन्ही आत घेत राहतं, आणि टीएलसीसाठी पुन्हा पुन्हा टोचलेलं सेप्टम (फ्लास्कचं रबरी बूच) तर चाळणीच झालेलं असतं. ७१ टक्के आली ती रिअ‍ॅक्शन तुम्ही तीन तासांत उतरवली होती आणि नंतरच्या रात्रभर ठेवल्या, असं तुमच्याच मजकुरात आहे. तो फरक मी आधी तपासला असता.

आता सगळ्यात उपयोगी गोष्ट. अट बदलत बसण्याऐवजी एकाच दिवशी, एकाच सॉल्व्हंटच्या बाटलीतून, तीन छोट्या रिअ‍ॅक्शन शेजारी शेजारी लावा. पहिल्या वायलमध्ये ४-ब्रोमोअ‍ॅनिसोल आणि फिनाइल बोरॉनिक आम्ल. ही जोडी इतकी सोपी आहे की सगळं ठीक असेल तर जवळजवळ पूर्ण चालायला हवी. दुसऱ्यात तीच सोपी जोडी, पण त्यात तुमचं ब्रोमोपिरिडिनही समप्रमाणात टाका आणि बोरॉनिक आम्ल दोघांना पुरेल इतकं घ्या. तिसऱ्यात तुमची खरी जोडी.

पहिली वायलच अडली तर दोष कॅटॅलिस्टमध्ये, बेसमध्ये किंवा हवेत आहे, तुमच्या रेणूचा काही संबंध नाही. पहिली चालली आणि दुसऱ्यात अ‍ॅनिसोलचं कपलिंगसुद्धा थांबलं, तर तुमचं ब्रोमाइड पॅलेडियमला मारतंय. त्यात दोन शक्यता: एकतर रेणूच पॅलेडियमला घट्ट धरून ठेवतो, आणि लिगंड बनवायला निघालेल्या माणसाने याचं आश्चर्य मानू नये, किंवा आधीच्या पायरीतलं काहीतरी सोबत आलंय. गंधकयुक्त अशुद्धी अगदी थोडी असली तरी पुरते. त्याच ब्रोमाइडचा अर्धा भाग पुन्हा स्फटिकरूपात काढून किंवा सक्रिय कोळशातून गाळून दुसरी वायल पुन्हा लावली की या दोनांतलं कोणतं ते समजतं. आणि पहिल्या दोन चालून तिसरी अडली, तर दोष तुमच्या बोरॉनिक आम्लाकडे किंवा तुमच्याच जोडीच्या अडचणीकडे सरकतो. महिनाभर बेस बदलून जे कळलं नाही ते या तीन वायल्स दोन दिवसांत सांगतात.

बाटल्यांकडे वळू. साध्या सेंद्रिय रसायनात बाटलीवर लिहिलेलं सहसा आत असतं. बेंझाल्डिहाइड जुनं झालं तर बेंझॉइक आम्ल होतं हे खरं, पण त्याचे खडे डोळ्यांना दिसतात. धातू-कार्बन बंध असलेल्या रसायनांत, आणि त्यांच्या कॅटॅलिस्टमध्ये, लेबल म्हणजे बाटली भरल्या दिवशीची स्थिती. टेट्राकिस ताजं असताना पिवळाधमक असतो. विटकरी किंवा हिरवट काळपट झाला असेल तर तो बदललेला आहे, मग झाकणावर तारीख काहीही असो. फॉस्फरस एनएमआर घेतला तर ट्रायफिनाइलफॉस्फीनचं ऑक्साइड क्लोरोफॉर्ममध्ये २९ पीपीएमच्या आसपास दिसतं आणि मोकळं फॉस्फीन उणे ५ च्या जवळ. नव्या लोकांच्या आवडीचं दुसरं पॅलेडियम, डायबेंझिलिडिनअ‍ॅसिटोनचं, त्याहून बेभरवशाचं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात विकतच्या काही नमुन्यांत ४० टक्क्यांपर्यंत पॅलेडियम नॅनोकणांच्या रूपात सापडलं होतं. म्हणजे तुम्ही ५ मोल टक्के मोजून टाकलं तरी खरा आकडा तीनच असू शकतो.

बोरॉनिक आम्लाचं दुखणं वेगळं. ठेवल्या ठेवल्या त्याचे तीन रेणू तीन पाणी गमावून बोरॉक्झिनचं कडं बनवतात. फिनाइल बोरॉनिक आम्लाचा रेणुभार १२१.९, बोरॉक्झिनमध्ये दर बोरॉनमागे १०३.९. म्हणजे बाटली पूर्ण बोरॉक्झिन झाली असेल तर तुम्ही आम्ल समजून वजन केलेल्या पावडरीत बोरॉन १७ टक्के जास्त असतं. पाण्यातल्या कपलिंगमध्ये याने सहसा बिघडत नाही, कारण कडं उघडून पुन्हा आम्ल होतं. पण एका बाटलीतून १.२ समतुल्य आणि दुसरीतून १.४ जात असेल तर 'सगळं तसंच केलं' हे वाक्य खरं राहत नाही.

या क्षेत्राचा इतिहासच बाटल्यांच्या अशा घोळांनी भरलेला आहे, आणि त्यातून मोठे शोधही लागलेत. क्रोमियम क्लोराइड वापरून व्हिनाइल हॅलाइड अल्डिहाइडला जोडायची एक रिअ‍ॅक्शन आहे, नोझाकी-हियामा-किशी नावाची. एका बाटलीतल्या क्रोमियमने ती चालायची, दुसरीतल्याने नाही. १९८६ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधून काढलं की चालणाऱ्या बाटलीत निकेलचा अंश होता. तेव्हापासून निकेल क्लोराइड मुद्दाम चिमूटभर टाकतात आणि रिअ‍ॅक्शन वाटेल तेव्हा चालते. आज स्तनाच्या कर्करोगावर दिलं जाणारं एरिब्युलिन हे औषध बनवताना हीच रिअ‍ॅक्शन कामी येते. उलट बाजूचा किस्सा तुमच्या जास्त जवळचा आहे. २००३ मध्ये धातूशिवाय सुझुकी कपलिंग होते असा दावा प्रसिद्ध झाला. २००५ मध्ये त्याच गटाने पुन्हा तपासून लिहिलं की विकतच्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात ५० भाग इतकं पॅलेडियम होतं आणि काम तेच करत होतं. तुमचा बेसही सोडियम कार्बोनेटच आहे. त्यात पॅलेडियम असेल असं मी म्हणत नाही, पण वहीत उत्पादकाचं नाव आणि लॉट नंबर लिहिण्याचा आळस का करू नये ते यावरून कळावं.

ग्रिन्यार्डकडे येते. हा १९०० चा शोध, १९१२ चं नोबेल, तरीही नव्या माणसाला रडवतो, कारण तो द्रावणात होत नाही, मॅग्नेशियमच्या पृष्ठभागावर होतो. जुन्या कातरणीवर ऑक्साइडचा थर असतो. नायट्रोजनखाली, सॉल्व्हंटशिवाय, कातरण रात्रभर नुसती ढवळत ठेवली की तुकडे एकमेकांवर घासून ताजा धातू उघडा पडतो. त्यानंतर आयोडिनचा एक खडा किंवा १,२-डायब्रोमोइथेनचे थोडे थेंब. मग हॅलाइडचा फक्त पाच ते दहा टक्के भाग टाका आणि थांबा. आयोडिनचा रंग जाणं, द्रावण गढूळ होणं, फ्लास्क हाताला कोमट लागणं, मॅग्नेशियमच्या टोकांवर बुडबुडे येणं, यांतलं काही दिसल्याशिवाय पुढचा थेंब नाही. 'सुरू होत नाही' म्हणून उरलेलं सगळं हॅलाइड ओतलं की थोड्या वेळाने ते एकदम सुरू होतं आणि सॉल्व्हंट कंडेन्सरच्या वर येतो. हे धोक्याचं आहे, नुसतं यील्डचं नाही.

पाण्याचं गणित एकदा स्वतः करून पाहा. ग्रिन्यार्डच्या सॉल्व्हंटमध्ये, टीएचएफमध्ये (टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये), १०० पीपीएम (दशलक्षात १०० भाग) पाणी आहे असं धरा. ऐकायला किरकोळ वाटतं. १० मिलिलिटर टीएचएफचं वजन ८.९ ग्रॅम, त्यात पाणी ०.८९ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ मिलिमोल. तुमचा ग्रिन्यार्ड ०.५ मिलिमोलचा असेल तर दहा टक्के तिथेच गेला. हाच सॉल्व्हंट १०० मिलिलिटर घेऊन ५० मिलिमोलवर काम केलं असतं तर नुकसान एक टक्का. पेपरातली मंडळी ग्रॅममध्ये काम करतात आणि तुम्ही मिलिग्रॅममध्ये, त्यामुळे तोच सॉल्व्हंट त्यांना चालतो आणि तुम्हाला नडतो. सोडियम आणि बेंझोफिनोनचं निळं-जांभळं टीएचएफ दिसायला खात्रीचं वाटतं, पण २०१० च्या एका काटेकोर तुलनेत ३ अँगस्ट्रॉम मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे सच्छिद्र दाणे) सरस ठरले. सीव्ह ३०० अंशांना व्हॅक्युममध्ये नीट तापवून घेतलेले, १०० मिलिलिटरला २० ग्रॅम, दोन दिवस ठेवलेले, इतकं केलं की टीएचएफ १० पीपीएमच्या खाली येतं. ओव्हनमधून काढून बीकरमध्ये गार केलेले सीव्ह मात्र हवेतलं पाणी पिऊनच आत जातात.

आणि बनवलेला ग्रिन्यार्ड मोजल्याशिवाय वापरू नका. कोरड्या फ्लास्कमध्ये आयोडिन १२७ मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ मिलिमोल, लिथियम क्लोराइड विरघळवलेल्या टीएचएफमध्ये घ्या, बर्फात ठेवा आणि सिरिंजने ग्रिन्यार्ड थेंब थेंब सोडा. गडद तपकिरी रंग फिका पिवळा होतो आणि एका थेंबाला निघून जातो. अर्धा मिलिलिटर लागला तर द्रावण १ मोलर. नुसत्या आम्लाने टायट्रेट केलं तर पाण्याने मेलेल्या ग्रिन्यार्डचा हायड्रॉक्साइडही मोजला जातो आणि आकडा उगाच चांगला दिसतो. मॅग्नेशियमच्या पृष्ठभागाचा हा खेळच नको असेल, तर आयसोप्रोपाइल मॅग्नेशियम क्लोराइड आणि लिथियम क्लोराइडचं विकतचं मिश्रण वापरून तुमच्या अ‍ॅरिल ब्रोमाइडशी अदलाबदल करता येते का पाहा. इलेक्ट्रॉन ओढणारे गट असतील तर ते सहज होतं. इलेक्ट्रॉन देणारे असतील तर फार रेंगाळतं.

ब्युटाइल लिथियमबद्दल थोडक्यात. १.६ मोलर लिहिलेली उघडलेली बाटली १.६ असतेच असं नाही, तीही टायट्रेट करा. टीएचएफमध्ये ते खोलीच्या तापमानाला टिकत नाही, सॉल्व्हंटलाच खातं, दोन तासांत अर्धं संपतं. म्हणून उणे ७८. टर्शरी ब्युटाइल लिथियमची पाळी आली तर एकट्याने, रात्री, कॉटनचा एप्रन न घालता त्याला हात लावायचा नाही. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ते काढताना प्लॅस्टिक सिरिंजचा दट्ट्या निसटला, द्रावणाने पेट घेतला आणि एप्रन न घातलेल्या एका तरुण संशोधकाचा पुढे भाजण्यामुळे मृत्यू झाला. सिरिंज निम्म्याहून जास्त भरायची नाही, पहिल्यांदा करताना शेजारी अनुभवी माणूस हवा. यावर चर्चा नको.

पेपरातल्या ९२ टक्क्यांबद्दलही बोलायला हवं, कारण तुम्ही स्वतःला त्या आकड्याशी ताडताय. तो आकडा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण तो बहुधा सगळ्यात चांगल्या खेपेचा असतो, आणि कधी त्यात सॉल्व्हंटचंही वजन असतं. सप्लिमेंटरी माहितीतला एनएमआर मोठा करून बघा. २.०५ आणि ४.१२ पीपीएमपाशी इथाइल अ‍ॅसिटेट बसलंय का? २६० रेणुभाराच्या प्रॉडक्टमागे ०.३ रेणू इथाइल अ‍ॅसिटेट उरलं तर वजनातले नऊ टक्के त्याचेच. शक्य असेल तिथे ऑरगॅनिक सिंथेसिसमधली प्रक्रिया शोधा. १९२१ पासून चालत आलेल्या या प्रकाशनात कुठलीही कृती छापण्याआधी दुसऱ्या प्रयोगशाळेत करून पाहिली जाते, आणि खालच्या टिपांमध्ये कुठला धातू कुठून घेतला, ढवळणी किती वेगाने, सॉल्व्हंट कसा वाळवला, हे सगळं असतं. तुमचा नेमका रेणू मिळणार नाही, जवळचा मिळेल.

तर क्रम असा ठेवा. आठवडाभर नवीन अट नाही. पेपरातल्या मूळ अटीच, तीन वायल्स, स्टँडर्ड टाकून क्रूड एनएमआर, मालाची बेरीज. त्यातून जो दोषी दिसेल तेवढीच गोष्ट बदला आणि तीच रिअ‍ॅक्शन दोनदा लावा. दोन्हींत पाचेक टक्क्यांच्या आत आकडा आला तरच पुढे. ५५ टक्के दर वेळी येणारी पायरी ९० आणि शून्यात झोके घेणाऱ्या पायरीपेक्षा लिगंडपर्यंत लवकर नेते.

गाईड म्हणतात तो हात बसणं खोटं नाही. सुई काढताना सेप्टमवर नायट्रोजनचा दाब राखणं, पॅलेडियमची बाटली किती सेकंद उघडी राहिली याचं भान, क्वेंच करताना (रिअ‍ॅक्शन थांबवताना) थेंब मोजण्याची सवय, हे हातातच असतं आणि वेळेनेच येतं. पण हात कुठे कमी पडतोय हे मोजल्याशिवाय समजत नाही, आणि 'हात बसला नाही' एवढं ऐकून कुणाचाही हात बसल्याचं मला माहीत नाही. पुढच्या ग्रुप मीटिंगला यील्डचे आकडे नेण्याऐवजी तीन वायल्सचे क्रूड एनएमआर न्या. गाईडना बोलायला काहीतरी ठोस मिळेल.

विषय बदलण्याबद्दल: तीन वायल्सच्या आधी नाही. पहिली वायल चालली, ब्रोमाइड शुद्ध केल्यावरही दुसरी अडली, म्हणजे तुमचा रेणूच पॅलेडियमला धरून बसतो असं निघालं, तर विषय नाही, मार्ग बदला. जोडणी उलटी करता येते का, की पिरिडिनचं एन-ऑक्साइड करून नायट्रोजन तात्पुरता झाकता येतो, की निगिशी पद्धतीने जस्ताचं संयुग वापरून बोरॉनची भानगडच टाळता येते, हे गाईडपुढे मांडा.

माझ्याकडून आणखी नेमकं काही हवं असेल तर तीन गोष्टी लिहा: ब्रोमीन पिरिडिनच्या दोन नंबरवर आहे की तीनवर, बोरॉनिक आम्लाच्या ऑर्थो जागी काय आहे, आणि ७१ टक्के देणाऱ्या खेपेला वापरलेल्या ब्रोमाइडची बॅच नंतरच्या खेपांना वापरलेलीच होती का. वेगळी असेल आणि जुन्या बॅचचे थोडे मिलिग्रॅम उरले असतील, तर ते रिअ‍ॅक्शनला घालू नका. दोन्ही बॅचचे एनएमआर एकावर एक ठेवून बेसलाईन मोठी करा आणि एकीत असलेलं, दुसरीत नसलेलं बारीक शिखर कुठे आहे ते कळवा.